कामाच्या धबडग्यात जाणवलेली देवाची कृपा : तुमचे अनुभव लिहा

पहाटेच्या शांततेत देव आठवतोच. पण हिशेब जुळत नाही, साहेब डोक्यावर उभे आहेत, फोन थांबत नाही, तेव्हा? सावतोबांना विठ्ठल मळ्यात राबताना दिसला. जनाबाईंसोबत तो दळायला बसला असं म्हणतात, पण दळण काही चुकलं नाही. चोखोबा तर १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंतीखाली गेले. म्हणून इथे चमत्कार नकोत. काम तेवढंच होतं, तरी कुणीतरी सोबत असल्याचं जाणवलं, असा दिवस सांगा.

परिचारिका, अतिदक्षता विभाग
रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करायचे, हा आमचा नियम. साबणाने नीट धुवायचे तर ४० ते ६० सेकंद लागतात. रात्रपाळीत तेवढाही वेळ जड वाटायचा, कारण मन पुढच्या कामांत अडकलेलं. मग मी त्या वेळात नाम घेऊ लागले. बोटांच्या बेचक्यांत साबण, ओठांत नाम.

एका रात्री दोन रुग्ण एकदमच खालावले. बाहेर नातेवाइकांचा आरडाओरडा. बेसिनपाशी माझे हात थरथरत होते. नाम घेतलं, श्वास लांब सोडला, आणि आधी काय करायचं ते लख्ख दिसलं. तरी त्यातले एक आजोबा गेले. त्यांच्या मुलीजवळ जाऊन बसले, पण शब्द सुचेनात. तिनेच माझा हात धरला. बळ मी देवाकडे मागितलं होतं, ते आलं तिच्या हातातून.

तक्रार निवारण कक्ष
फोन उचलण्याआधी मनात म्हणते, "देवा, हाही तुझाच." समोरचा ओरडायचा तो ओरडतोच. पण त्याचा राग माझ्यासोबत घरी येत नाही.

शिक्षक
आम्ही ख्रिस्ती. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघर सांभाळत. भांड्यांच्या खडखडाटातही देव प्रार्थनेच्या वेळेइतकाच जवळ असतो, असं ते सांगत. परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिकांचा ढीग समोर आला की मला ते आठवतात. प्रत्येक उत्तरपत्रिका उघडताना त्या मुलासाठी क्षणभर प्रार्थना करतो. वेग थोडा कमी होतो, चिडचिड मात्र बरीच कमी होते.

एक वाचक
मला थोडं वेगळं सांगायचंय. कृपेच्या नावाखाली अन्याय सोसत राहू नका. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशीही काम लावत, चारचौघांत अपमान करत. मी रोज प्रार्थना करायचो की वरिष्ठांचं मन बदलू दे. ते बदललं नाही. पण एके दिवशी त्यांच्यासमोर शांतपणे "सर, हे मला जमणार नाही" म्हणालो, आवाज चढला नाही की कापला नाही. तो धीर माझा नव्हता, हे मला नक्की ठाऊक आहे. पुढे ती नोकरी सोडली.

धागाकर्ती
दादा, बरं झालं लिहिलंत. हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं. नोकरी सोडल्यानंतरच्या दिवसांत ती सोबत कशी जाणवली, तेही जमेल तेव्हा लिहा. काम हातातून सुटलेले कितीतरी जण हे वाचत असतील.