व्हार्टनमधला वाळूचा रस्ता: आउटबॅकने जमेल का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आईबाबा पुण्याहून आलेत. आईला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, म्हणून गाडीतूनच जंगल दाखवायचंय. इथल्या पाइन बॅरन्स नावाच्या वाळूवरच्या पाइनच्या रानात, व्हार्टन स्टेट फॉरेस्टमधून ॲटसायन ते बॅटस्टो कच्चा रस्ता जातो म्हणे. गाडी सुबारू आउटबॅक, ऑफरोडचा अनुभव शून्य. झेपेल का?

उत्तर: आठवडाभर कोरडं असेल तर खुशाल जा. पाऊस पडून गेला असेल तर नको. तो क्वेकर ब्रिज रोड. चढ नाही, खडक नाही. त्रास भुसभुशीत वाळूचा आणि डबक्यांचा. टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा, डांबरी रस्त्याला लागण्याआधी पुन्हा भरा. पंप सोबत हवाच. मऊ वाळूत मध्येच थांबू नका. चाक जागीच फिरायला लागलं तर ॲक्सिलरेटर सोडा, रेटाल तितकी गाडी रुतेल.

डबक्यांचं मात्र मनापासून सांगतो. तिथलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, तळ दिसत नाही. आधी काठी घालून बघा. घोट्याच्या वर पाणी असेल तर सरळ मागे फिरा, पण झुडपांतून बगल देऊन नवी वाट पाडू नका. रस्त्याकडेच्या उथळ खळग्यांत पाइन बॅरन्सचे हिरवे झाडबेडूक अंडी घालतात. याच क्वेकर ब्रिजपाशी १८०५ च्या सुमारास कर्ली ग्रास नावाचं नेचं पहिल्यांदा सापडलं. ते बोटाएवढंच, गवतासारखं. चाकाखाली गेलं तरी कळायचं नाही.

दुसरं उत्तर: निघण्यापूर्वी बॅटस्टोच्या ऑफिसात कुठले रस्ते गाड्यांना खुले आहेत ते विचारा आणि नकाशा घ्या. आत फोनला रेंज मिळेलच असं नाही. घरी आल्यावर सगळ्यांच्या अंगावर गोचीड बघा, काकूंनाही सांगा.

प्रश्नकर्ता: आभार! बाबा आयुष्यभर फाउंड्रीत होते. बॅटस्टोला लोखंडाचा कारखाना होता ना?

पहिलं उत्तर: हो, १७६६ पासून. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याला इथून माल जायचा. खाण नव्हती, खनिज दलदलीतलंच: पाण्यात विरघळलेलं लोखंड हवा लागली की गंजून काठाला थर धरतं. काकांना ओढ्याकडेला साचलेल्या पाण्यावरचा इंद्रधनुषी तवंग दाखवा. काडीने ढवळला आणि त्याचे तुकडे झाले, तर तो लोखंडावर जगणाऱ्या जिवाणूंचा. तेलाचा असेल तर लगेच परत जुळून येतो.