बॉल पायथन (पाळीव अजगर) जिवंत उंदरावर वाढलाय, फ्रोझन (गोठवलेला उंदीर) कसं सुरू करू? (ठाणे)

कोलशेतकर: नमस्कार मंडळी. माझा बॉल पायथन वर्षाचा आहे, वजन ४०० ग्रॅम. आजवर जिवंत उंदीरच खाल्लाय. गेल्या वेळी उंदीर उलटून त्याच्यावर धावला, माझ्या पोटात गोळाच आला. फ्रोझनवर कसा आणू? महिन्याला ६०० रुपयांच्या वर खर्च नको. आणि आईने घरच्या फ्रीझरला हात लावायचा नाही म्हणून बजावलंय, त्यात तिची सुरमई असते.

ऐरोलीकर: जिवंत देणं आजच बंद करा. माझ्या पायथनने विळखा घालायच्या आत उंदराने पाठीचा लचका तोडला. जखम चिघळली, इंजेक्शनं झाली, कात टाकून टाकूनही व्रण गेलेला नाही. मी सरळ वेगळा डीप फ्रीझर आणला, १२ हजारांत. आता निवांत आहे.

खारघर_टेकडी: जंगलात त्याला चिमट्याने कोण भरवतं? माझ्याकडचे सगळे जिवंतच खातात, एकाच्याही अंगावर ओरखडा नाही. फ्रोझन देऊन बघितलं, ढुंकूनही बघत नाहीत. पैसे पाण्यात.

नेरूळ_पूर्व: खारघर, जंगलात उंदराला पळायला वाट असते, काचेच्या पेटीत कुठे पळणार? आणि ढुंकून बघत नाहीत कारण उंदीर गार असतो. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, थंड उंदीर त्याला भक्ष्य वाटतच नाही.
कोलशेतकर, आदल्या रात्री उंदीर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. मग बंद पिशवीत घालून गरम पाण्यात, ३८-४० अंशांपर्यंत, डोकं जरा जास्त गरम. लांब चिमट्याने शेपटीकडून धरून हलवा. मायक्रोवेव्ह नको, कुठे शिजतो, कुठे गारच राहतो, फुटतोही. वितळलेला परत गोठवू नका. हात साबणाने धुवा, गोठवून साल्मोनेला जंतू मरत नाही.

पाचपाखाडी: हेच लिहायला आलो होतो. गरम पाणी आणि चिमटा. पण केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर सापाची नोंदणी केलीय का? बॉल पायथन साइटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी लागते.

खारघर_टेकडी: प्रश्न खाण्याचा आहे, कागदपत्रांचा नाही.

पाचपाखाडी: साप जप्त झाल्यावर खायला काय घालणार?

ऐरोलीकर: फ्रीझर घ्याच. मे महिन्यात रात्रभर वीज नव्हती, झाकण उघडलं नाही तर माल तसाच्या तसा.

कळवा_नाका: सोसायटीमागे पिंजरा लावा, उंदीर फुकट.

नेरूळ_पूर्व: अजिबात नको! बाहेरच्या उंदराने विष खाल्लेलं असू शकतं, वर जंत. सापच जायचा.

कोलशेतकर: सगळ्यांचे आभार. नोंदणी झालेली आहे. फ्रीझर घेणार नाही, पिंजराही लावणार नाही. माझ्या नेहमीच्या दुकानदाराशी बोललो, तो ४०-५० ग्रॅमचा उंदीर तिथेच मारून देईल. घरी आणून गरम पाण्यात ठेवायचा आणि चिमट्याने द्यायचा. साठवायचा प्रश्नच नाही, सापालाही इजा नाही. या शनिवारी देतोय.

नेरूळ_पूर्व: फ्रोझनच बरं, पण ठीक. तो उंदीर कसा मारतो ते उभं राहून बघा, झटक्यात जीव गेला पाहिजे. सापाचे डोळे निळसर दिसत असतील तर कात उतरेपर्यंत थांबा. नाही खाल्लं तरी वजन टिकून आहे तोवर घाबरू नका. आणि खाल्ल्यावर दोन दिवस हातात घेऊ नका, ओकून टाकेल.