शब्दचर्चा: ‘रिझर्व्हेशन’ म्हणजे आरक्षण नव्हे, मग काय?

भाषांतरवाली: अमेरिकेतल्या शोशोनी आणि पायूट या मूळ रहिवासी जमातींच्या वृद्धांनी सांगितलेल्या आठवणींबद्दल मराठीत लिहायला घेतलंय आणि पहिल्याच वाक्यात अडलेय. ‘आरक्षणावरचं जीवन’ लिहिलं की वाचणारा सरळ नोकऱ्या, टक्केवारी आणि कोर्टाच्या निकालात शिरणार. इथे तर जमिनीचा पट्टा आहे. ‘राखीव क्षेत्र’ म्हणावं तर वनखात्याची पाटी डोळ्यांसमोर येते. तुम्ही काय वापराल?

कोल्हापूरकर: राखीव जमीन. कुरणं राखीव असतात, तशी.

नाशिकचे मास्तर: ‘अनुसूचित क्षेत्र’ का नको? आपल्याकडे पेसा या आदिवासी भागांच्या कायद्याखालचे तालुके आहेतच की.

जुना वाचक: मास्तर, ते नको. आपल्या अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला अधिकार असले तरी कारभार राज्य सरकारचाच. नेवाडा-आयडाहोच्या सीमेवरच्या डक व्हॅली या रिझर्व्हेशनवर जमातीचं स्वतःचं निवडून दिलेलं मंडळ आहे, न्यायालयही आहे. वाचकाला भलतंच चित्र दिसेल.

मला ‘राखीव’ पटतो, पण राखलं कुणी हेही त्यात यायला हवं. १९०५ साली याकामा जमातीच्या मासेमारीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तहाने सरकारने जमातीला हक्क बहाल केले नाहीत. दिलं ते जमातीने, आणि जे दिलं नाही ते तिने स्वतःकडे राखून ठेवलं. म्हणजे राखणारी जमात. डक व्हॅलीची गोष्ट निराळी. ती १८७७ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने पश्चिम शोशोनींसाठी राखली गेली आणि १८८६ मध्ये पायूटांसाठी वाढवली. कागदावर राखणारं सरकार. पण त्याच शोशोनींनी १८६३ मध्ये रूबी व्हॅलीला जो तह केला त्यात मैत्री होती, रस्ते-रेल्वेला वाट देणं होतं, जमीन विकणं नव्हतं. त्यामुळे ‘सरकारने दिलेली जमीन’ असं मात्र कुठेही लिहू नका ताई. म्हातारी माणसं या मुद्द्यावर हटून बसतात ते उगाच नाही.

भाषांतरवाली: काका, हे कामाचं. मग ‘राखीव प्रदेश’ नक्की करते, पहिल्यांदा येईल तिथे रिझर्व्हेशन हा शब्दही देते. आता पुढचं. रीनोजवळच्या ‘कॉलनी’चं काय करू? ‘वसाहत’?

कोल्हापूरकर: वसाहत म्हटलं की गोऱ्यांची वाटेल. आणि कॉलनी म्हटलं की आमची शिक्षक कॉलनी, पाण्याची टाकी आणि गणपती मंडळ!

जुना वाचक: नेवाडात कॉलनी म्हणजे शहराच्या कडेला राहून मजुरी करणाऱ्या मूळ रहिवाशांसाठी घेतलेला जमिनीचा तुकडा. रीनो-स्पार्क्सची १९१७ मध्ये घेतलेली जागा होती जेमतेम २० एकर. मी ‘वस्ती’ लिहीन. ‘एजन्सी’ला ‘सरकारी एजंटाची कचेरी’, नाहीतर गॅस एजन्सी वाटायची. तिथून मिळायचं त्याला रेशन चालेल, शिधा त्याहून बरा.

नाशिकचे मास्तर: बोर्डिंग स्कूलला आश्रमशाळा?

जुना वाचक: इथे मी भांडेन. आपल्या आश्रमशाळांची दुखणी आहेत, पण मुलांची भाषा पुसून टाकायचं उद्दिष्ट ठरवून त्या काढलेल्या नव्हत्या. कार्सन सिटीची स्टुअर्ट शाळा १८९० ते १९८० चालली. सुरुवातीच्या काही दशकांत तिथे आपली बोली बोललं की शिक्षा होई आणि मुलं पळून जात. ‘आश्रम’ या शब्दात जी माया आहे ती तिथे नका चिकटवू. ‘सरकारी निवासी शाळा’ पुरे.

मास्तर: मान्य. तरी आमच्या भागातल्या मुलांना विचाराल तर माया वगैरे म्हणणार नाहीत.

पुण्याची स्वयंपाकीण: मी फक्त खाण्यापुरतं बोलते. आठवणींत पाइन नट येतात ना? ‘चिलगोजा’ लिहा, सुक्या मेव्याच्या दुकानात तोच मिळतो. झाडाची जात वेगळी आहे, पण वाचकाच्या तोंडाला चव कळते. बाकीचे शब्द तर घरातलेच आहेत. शरदात लांब काठ्यांनी बोंडं झोडपायची, दाणे काढायचे, मग विणलेल्या पसरट टोपलीत दाणे आणि रसरशीत निखारे एकत्र घालून सारखे उडवत भाजायचे, म्हणजे टोपली जळत नाही. टरफलं फोडून पाखडायची, दाणे पाट्यावर वाटायचे आणि त्या पिठाची पेज करायची. सूप, पाखडणं, पाटा, पेज. एकाही शब्दाला तळटीप लागत नाही. मात्र सॅमनला रावस म्हणू नका. आपल्या बाजारात त्याला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण मासा पूर्ण वेगळा.

जुना वाचक: सॅमन तसाच ठेवा, कारण तो नाहीसा होणं हाच आठवणींचा मोठा भाग आहे. खाली ऑरेगनमध्ये ओवायही नदीवरचं धरण १९३२ ला पुरं झालं आणि समुद्रातून डक व्हॅलीपर्यंत वर येणाऱ्या माशांची वाट बंद झाली. गटांची नावंही खाण्यावरून आहेत. अगाइदेका म्हणजे सॅमन खाणारे, तुकुदेका म्हणजे डोंगरी मेंढी खाणारे. ‘मेंढीखाऊ’ करू नका, मराठीत शिवी होते.

भाषांतरवाली: आणि ‘ओरल हिस्टरी’? ‘सांगोवांगी’ तर नाहीच.

मास्तर: नाहीच! ‘मौखिक इतिहास’ रूढ आहे.

जुना वाचक: रूढ आहे, पण कोयोट या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या गोष्टी त्यात टाकू नका. त्या थंडीतच सांगायच्या असतात, ती मौखिक परंपरा. शिध्याच्या रांगेची, शाळेची, गवतकापणीची आठवण हा मौखिक इतिहास. १९६० च्या दशकाच्या अखेरीस यूटा विद्यापीठाने टेपवर घेतलेल्या मुलाखतींत दोन्ही एकाच दमात येतात, तेव्हा परिच्छेद मध्येच तोडावा लागेल.

कोल्हापूरकर: आणि ‘एल्डर’ला ज्येष्ठ नागरिक नका लिहू, एसटीची सवलत आठवते. ‘जाणती माणसं’ लिहा.

भाषांतरवाली: जाणती माणसं घेतलं. आता ओवायही की ओव्हायी?

जुना वाचक: ओवायही. हवाईचंच जुनं स्पेलिंग आहे ते. हवाई बेटांवरून आलेले सापळे लावून शिकार करणारे काही जण त्या नदीकाठी गेले ते परतलेच नाहीत, त्यांच्यावरून नाव पडलं.