पुन: पावसाळ्यात व्हॉल्व्ह अँपची घरघर

गिटारच्या अँपसाठी नवे व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) मागवण्याआधी जरा कान द्या. मडगावात जूनपासून अँप गुणगुणतो आणि मध्येच कडकडतो, असं तुम्ही लिहिलंय; रेकॉर्डिंगच्या खोलीचंही विचारलंय. गुणगुण आणि कडकड हे दोन वेगळे आजार आहेत.

गुणगुण गिटारच्या जाड ई तारेच्या तिसऱ्या पडद्याशी जवळपास जुळली, तर ती १०० हर्ट्झची. संशय फिल्टर कपॅसिटरवर, म्हणजे अँपच्या आतला वीजपुरवठा सपाट करणाऱ्या भागावर. त्याखालचं सप्तक, म्हणजे ५० हर्ट्झ असेल, तर बहुधा अर्थिंगचा घोळ. लॅपटॉप, इंटरफेस (गिटार-माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी), अँप एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून बघा. अँपची अर्थ पिन मात्र काढू नका, कुणी कितीही सांगो.

कडकड ही बहुतेक आपल्या दमट हवेची देणगी. अँप बंद करून थंड होऊ द्या, प्रीअँपचे (सिग्नल आधी वाढवणारे छोटे) व्हॉल्व्ह सॉकेटात दोन-तीनदा आत-बाहेर करा, जॅकना कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. मग अँप चालू करून पेन्सिलीने एकेक व्हॉल्व्ह हलकेच टिचका; जो स्पीकरमधून टणटणेल तो बदला. चेसिस (अँपची आतली धातूची पेटी) उघडायचं काम जाणकाराचं: प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट उरू शकतात.

खोलीचं म्हणाल तर कापसाच्या गाद्या कोपऱ्यांत उभ्या करा आणि माइक स्पीकरच्या जाळीजवळ ठेवा. अंड्यांचे ट्रे नकोत. त्यांनी आवाज अडत नाही, बुरशी तेवढी धरते.