पऱ्हाटीवर तुडतुडे: तीन औषधं झाली, एकही लागू पडेना (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. यवतमाळकडे पाच एकर कोरडवाहू पऱ्हाटी (कपाशी) आहे, सत्तर दिवसांची. पान उलटलं की हिरवट पिल्लं तिरकी पळतात, एकेका पानामागे आठ-नऊ. दोन-तीन दिसले तरी फवारा, असं सांगतात. कडा आधी पिवळ्या झाल्या, आता लाल पडून मुरडताहेत.

पहिला फवारा इमिडाक्लोप्रिडचा. आठ दिवसांत पुन्हा तेच. कृषी केंद्रवाला म्हणाला, औषध बदला, आणि ॲसिटामिप्रिड दिलं. त्यानंतर थायामेथोक्झाम. दरवेळी डबा वेगळा, कंपनी वेगळी, किंमत चढती.

ज्या औषधाचा थेंबही या शेतात कधी पडला नव्हता, त्याला किडा पहिल्याच फवाऱ्यात दाद कशी देत नाही? आणि आता मारू काय? शेजारी म्हणतो, तिन्ही एकाच पंपात ओत. 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं आमच्या जिल्ह्यात वीसेक माणसं गेली. तेवढं सोडून सांगा.

प्रतिसाद १
दादा, डबे तीन, पण विष एकच. तिन्ही निओनिकोटिनॉइड, गट 4ए (औषध किड्याला कसं मारतं, त्यावरून हे गट पाडलेत). किड्याच्या मज्जातंतूत एकाच जागी जाऊन बसतात. किड्याला औषधाची सवय होते असं आपण म्हणतो, तसं नसतं. पहिल्या फवाऱ्यात जे मुळातच तगणारे होते ते वाचले, पिलावळ त्यांचीच वाढली. ती जागाच बदललेली असेल किंवा विष पचवायची ताकद वाढली असेल, तर भावकीतलं दुसरं औषधही फसतं. डासांत हेच झालं. डीडीटी आणि पायरेथ्रॉइड ही रसायनं वेगळी, पण घाव एकाच ठिकाणी, मज्जातंतूच्या सोडियमच्या वाटेवर. त्यामुळे डीडीटीला न मरणारे काही डास पायरेथ्रॉइडलाही आधीपासूनच तयार.

फ्लोनिकॅमिड घ्या, गट 29. किडा रस शोषणं सोडतो आणि उपाशी मरतो, म्हणून दोन-चार दिवस थांबा. नंतर गरज पडली तर बुप्रोफेझिन. ते फक्त पिल्लांची कात अडवतं, मोठे उडताना दिसले म्हणून शिव्या घालू नका. मात्रा लेबलवरचीच. आणि डब्यावर मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालचं बारीक तांत्रिक नाव वाचा.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, एक भर. गट वेगळा म्हणजे निर्धास्त, असंही नाही. पांढऱ्या माशीत इमिडाक्लोप्रिड पचवणारं विकर (एन्झाइम) पायमेट्रोझीन हे दुसरं कीटकनाशकही पचवतं, आणि त्या दोघांचा गट एक नाही. बियाण्याला काय चोळलेलं होतं, ते पाहिलंत का?

धागाकर्ता
पाकीट गोठ्याच्या वळचणीला सापडलं. इमिडाक्लोप्रिडच! म्हणजे सरकी मातीत पडली तेव्हाच पहिला डोस झाला होता, आणि मी त्यावर तीन चढवले. पैसे गेले ते वेगळेच. उद्या सकाळी वारा पडलेला असेल तर फ्लोनिकॅमिड मारतो. चार ओळी बिनफवाऱ्याच्या ठेवल्या तर फरक कळेल ना?

प्रतिसाद १
कळेल. बांधालगतच्या नको, मधल्या ठेवा. आज दहा झाडांची पानं मोजून लिहून ठेवा, पाचव्या दिवशी पुन्हा मोजा आणि आकडे इथे टाका.