जिरा: ‘डन’मध्ये नेलेली तिकिटे अहवालात न सुटलेली दिसतात, मदत हवी आहे

उंबरठा: जिरा या कामे नोंदवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्या टीमने पूर्ण केलेली तिकिटे (कामांच्या नोंदी) बोर्डावर ‘डन’ स्तंभात आहेत, तरीही अहवालात ती न सुटलेलीच मोजली जातात. हा अहवाल परवा वरिष्ठांपुढे ठेवायचा आहे. सर्व काही तपासून झाले आहे. कृपया लवकर उपाय सांगावा.

चौकस: सर्व काही म्हणजे नेमके काय? प्रकल्प टीम-मॅनेज्ड (रचना टीमच ठरवते) आहे की कंपनी-मॅनेज्ड (रचना जिराचे प्रशासक ठरवतात), आणि वर्कफ्लो, म्हणजे तिकिटाच्या अवस्थांचा क्रम, अलीकडे कोणी बदलला आहे का?

जुनेजाणते: रेडमाइन या जिरासारख्याच सॉफ्टवेअरवर या. तिथे अवस्थेलाच ‘बंद’ अशी खूण करता येते, त्यामुळे असा घोळ होत नाही. शिवाय ते 2006 पासून मुक्तस्रोत आहे.

चौकस: परवा अहवाल द्यायचा असलेल्या माणसाला स्थलांतराचा सल्ला देणे मला मुळीच योग्य वाटत नाही.

तारांगण: ‘डन’ स्तंभात गर्दी झाली असेल, तर कानबान बोर्डावर (कामे अवस्थेनुसार स्तंभांत दाखवणारा फलक) जुनी पूर्ण तिकिटे लपवण्याची सोय आहे.

उंबरठा: गर्दीची अडचण नाही. प्रकल्प कंपनी-मॅनेज्ड आहे. गेल्या महिन्यात ‘टेस्टिंग’ ही अवस्था मीच वाढवली. त्याचा याच्याशी संबंध असेल असे वाटले नव्हते.

चौकस: मूळ तिथेच असावे. कंपनी-मॅनेज्ड प्रकल्पात अवस्था आणि ‘रिझोल्यूशन’ (तिकीट कसे सुटले याची नोंद) या दोन वेगळ्या गोष्टी असून, रिझोल्यूशनचा रकाना भरलेला असेल तरच जिरा तिकीट सुटले असे मानते. ‘टेस्टिंग’मधून ‘डन’कडे जाणाऱ्या नव्या ट्रान्झिशनला (एका अवस्थेतून दुसरीत जाण्याची पायरी) तो रकाना भरणारे पोस्ट फंक्शन, म्हणजे त्या पायरीनंतर आपोआप होणारी क्रिया, जोडा. जुन्या तिकिटांसाठी ‘डन’मधून ‘डन’मध्येच येणारे ट्रान्झिशन अशाच प्रकारचे पोस्ट फंक्शन लावून तयार करा आणि बल्क चेंजने (अनेक तिकिटे एकदम बदलण्याची सोय) सर्व तिकिटे त्यातून फिरवा, त्या वेळी मेल पाठवण्याची खूण काढायला विसरू नका. रिझोल्यूशनच्या यादीत ‘अनरिझॉल्व्ड’ हा पर्याय मात्र कधीही घालू नका, कारण कोणतेही मूल्य भरले की तिकीट सुटलेलेच धरले जाते.

जुनेजाणते: आणि सुटल्याची तारीख? ती सर्व तिकिटांवर बल्क चेंजच्या दिवसाचीच पडेल, मग आलेखात एकाच दिवशी उंच सुळका दिसेल.

चौकस: हा आक्षेप रास्त आहे. अहवालात तशी टीप द्यावीच लागेल.

उंबरठा: दोन्ही बदल केले आणि तिकिटे आता सुटलेली दिसतात. तारखांबद्दलची टीप आलेखाखाली लिहिली आहे. जुन्या महिन्यांची मोजणी ‘डन’मध्ये गेल्याच्या तारखेवरून करत आहे, कारण ती तारीख प्रत्येक तिकिटाच्या इतिहासात शाबूत आहे.