गाडी चालवताना लक्ष कुठे असतं? (अनुभव धागा)

मागची_सीट:
काल एका ओळखीच्यांच्या गाडीत बसले होते. गृहस्थ शिस्तीचे, फोन बॅगेत आणि बॅग डिकीत. पण चालवता चालवता चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला लागले, वर उजेडात धरून काच स्वच्छ झाली का तेही बघितलं. मला एकदम मामा आठवले. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय त्यांना बोलताच यायचं नाही. मी मागे बसलेली, तर अख्खी मान वळवून "काय गं, पेपर कसे गेले?" मी ओरडतेय, "मामा, समोर!" मोबाइल नव्हते तेव्हा, तरी जीव मुठीत धरूनच बसायचो. फोनबद्दल सगळेच बोलतात, हा धागा बाकीच्या सवयींसाठी. लिहा पटापट.

गोगलगाय:
पाण्याची बाटली!! भावाने शेजारच्या सीटवर टाकलेली, वळणावर घरंगळली ती बरोब्बर ब्रेकच्या पेडलखाली. हा पायाने ढकलतोय, नजर खाली, मी हँडब्रेकवर हात ठेवून बसलेली. एकेक गिअर उतरवत कशीबशी कडेला घेतली. आता बाटली दाराच्या कप्प्यात, नाहीतर मी गाडीत बसत नाही.

सध्या_पायी:
शेजारी बसून हवेत ब्रेक दाबणाऱ्यांची संघटना काढूया का? उतरल्यावर माझी पोटरी दुखते

अबोली:
काढाच. अध्यक्ष मी

चौथा_गिअर:
फोनला इतक्यात सोडू नका हो. ऑफिसातले एक जण "ब्लूटूथवर बोलतो, हात मोकळे आहेत" म्हणून मिरवायचे. हात मोकळे, पण रोजचं वळण मागे गेलं तरी पत्ता नसायचा. चालवताना फोन वापरला तर अपघाताची शक्यता साधारण ४ पट होते असं डब्ल्यूएचओ सांगते, आणि हँड्सफ्रीने त्यात फारसा फरक पडत नाही. शेजारी बसलेल्याला समोर ट्रक दिसतो, तो आपसूक गप्प होतो. फोनवरच्याला काय दिसणार? त्याचं चालूच.

तिरपा_आरसा:
शेजारचा गप्प होतो?? आमच्या ह्यांना भेटा एकदा

अबोली:
@मागची_सीट, मामा कसे आहेत आता? मोतीबिंदूचं झालं का?

मागची_सीट:
झालं, छान दिसतंय. गाडी मात्र लेकीने काढून घेतली, त्यावरून रुसलेत.

निवांत_नाना:
आमच्या नव्या गाडीत एसी कमी करायचा तर आधी स्क्रीन, मग मेनू, मग बोटाने ती पट्टी सरकवा. खड्ड्यात बोट हललं की गाणी सुरू. जुन्या गाडीतला गोल खटका न बघता फिरायचा. ताशी ६० च्या वेगात २ सेकंद खाली बघितलं तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे तेवढा रस्ता कोणी बघितलेलाच नाही. गाड्यांची सुरक्षा तपासणारे युरो एनकॅपवाले २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्नला हाताला लागणारी बटणं आहेत का तेही बघतात. एसी त्यात नाही, आमचं दुखणं तसंच.

तिरपा_आरसा:
नाना +१. आणि ते अपघात बघणारे! पलीकडच्या बाजूला दोन गाड्या ठोकलेल्या, आपली बाजू मोकळी, तरी सगळे माना वाकड्या करून हळू. आमच्या पुढच्याने असंच बघता बघता त्याच्या पुढच्याला ठोकलं. मग पलीकडचे आम्हाला बघायला थांबले.

सध्या_पायी:
@तिरपा_आरसा हाहाहा फिट्टंफाट

कुकर_लावून_आले:
घाईत लिहितेय. जाऊबाईंचं पिल्लू मागे कारसीटमध्ये, खुळखुळा खाली पडला की भोकाड. त्या एका हाताने स्टिअरिंग धरून दुसरा हात मागे घालून चाचपडायच्या. हात मागे गेला की खांदा वळतो आणि गाडी हळूच लेन सोडते, मी मागे बसून बघितलंय. शेवटी खुळखुळा नाडीने कारसीटलाच बांधला. शिट्टी झाली, पळते

गोगलगाय:
नाडी लांब ठेवू नका हं, गळ्यात अडकते. वीतभरही नको.

कुकर_लावून_आले:
अगं हो, चार बोटंच आहे. पण आता तो चप्पल काढून फेकतो, तिला काय बांधू?